नेक सल्ला

जुलैतला रविवार. मुलुंडच्या मागच्या टेकड्या ढगात गडप, घरभर कपडे वाळत घातलेले, चादरींना तो ओळखीचा कोंदट वास. अशा हवेत माणसाने दोनच कामं करावीत, कांदाभजी खावीत नाहीतर गिटार वाजवावी. भजी खाऊन झाली होती, म्हणून भिंतीवरची गिटार काढली.

ट्यून केली, पहिली कॉर्ड वाजवली आणि... खर्र्र. जुन्या ट्रान्झिस्टरवर दोन स्टेशनांच्या मध्ये काटा अडकल्यासारखा आवाज. सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून नेकच्या कडेने बघितलं. जाड तारेची बाजू बऱ्यापैकी सरळ, बारीक तारेची बाजू चक्क पुढे झुकलेली. म्हणजे नेक नुसता वाकला नव्हता, त्याला पीळ पडला होता.

ही गिटार मी अंधेरीतल्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या तीन पगारांतून घेतली होती. फार भारी नाही, पण पहिली. त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं तोंड कसं होतं हे सांगायची गरज नाही.

ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेक म्हणजे गिटारची मान. तिच्यावर जी पातळ पट्टी चिकटवलेली असते तो फ्रेटबोर्ड, आणि त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा मिळून या मानेला साधारण पंचेचाळीस किलोंनी ओढत असतात. म्हणजे सातवी-आठवीतला एक मुलगा तिला चोवीस तास लोंबकळतोय असं समजा. आणि बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात अंतर किती? दीड-दोन मिलिमीटर. मान अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली की खरखर सुरू.

त्यात आपली हवा. झाड कापलं, फळ्या झाल्या, पॉलिश झालं, तरी लाकूड पाणी प्यायचं सोडत नाही. हवेत आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडाच्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी त्यात असतं. आर्द्रता ८५ झाली की तेच १७ टक्क्यांवर जातं. मुंबईत पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ८० च्या वर, आणि जानेवारीतल्या कोरड्या दुपारी ४०-५०. वर आपण दिवसा खिडक्या उघड्या ठेवतो आणि रात्री एसी लावतो. नेकचं लाकूड वेगळं, फ्रेटबोर्डचं वेगळं. दोघं सारखे फुगत नाहीत. एक पुढे ओढतो, दुसरा मागे. संयुक्त कुटुंबच.

यावरचा जुना इलाज म्हणजे ट्रस रॉड. नेकच्या पोटात एक पोलादी सळई, तिचा नट फिरवला की मान थोडी मागे येते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूने १९२१ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. शंभर वर्षं झाली, आजही जवळजवळ प्रत्येक गिटारमध्ये याच कल्पनेची सळई असते. पण ती फक्त पुढे-मागे वाकलेली मान सरळ करते. पिळाला तिच्याकडे उत्तर नाही. मला हे माहीत होतं, तरी मी दोनदा पाना फिरवून बघितला. सिस्टीम हँग झाल्यावर आपण एंटर बडवत बसतो ना, तसं.

सोमवारी ऑफिसात जेवताना हा विषय निघाला आणि लगेच दोन पक्ष पडले. एकाला मी शुद्धलाकडे म्हणतो आणि दुसऱ्याला कार्बनपंथी.

कार्बनपंथी म्हणाला, "फेकून दे तो नेक, कार्बन फायबरचा मागव. आयुष्यभराची कटकट गेली." शुद्धलाकडे भडकला. "लाकडाशिवाय गिटार म्हणजे नॉनस्टिक तव्यावरची भाकरी. होते, पण ती भाकरी नव्हे." आणि मग टोन, वॉर्म्थ, आत्मा वगैरे शब्द डब्यांच्या वरून उडायला लागले.

त्या रात्री मी जरा हिशोब मांडला. आणि मला वाटतं दोघंही चुकतायत, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

आधी शुद्धलाकडे. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास बघितला तर 'अस्सल लाकूड' हा नियम कुणी फारसा पाळलेला दिसत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनी गिटारची पुढची-मागची बाजू हार्डबोर्डची बनवायची. तोच हार्डबोर्ड, जो आपल्याकडे कपाटाच्या मागे ठोकलेला असतो. त्या तेव्हा स्वस्तातल्या गिटार होत्या, पुढे जिमी पेजच्या हातात दिसल्या. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने अँपेगसाठी पारदर्शक ॲक्रिलिकच्या बॉडीची गिटार काढली, ती कीथ रिचर्ड्सने स्टेजवर वाजवली. आणि ब्रायन मे! पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्याच्या गिटारच्या आधाराने गायचा, त्याची ती गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून दोनेक वर्षं खपून घरी बनवली होती. नेक कशाचा? एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीचा. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. त्या गिटारला 'टोन' नाही असं म्हणायची आपल्या शुद्धलाकड्याची हिंमत आहे का?

कारणही साधं आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. पोलादी तार हलली की त्यात वीज तयार होते. पिकअप तार ऐकतो, लाकूड नाही. मग नेकचा आवाजाशी काहीच संबंध नाही का? आहे, पण आत्म्यापेक्षा ताठपणाशी जास्त आहे. नेक जर एखाद्या विशिष्ट कंपनाला स्वतःच डुलायला लागला, तर तारेतली ऊर्जा खाऊन टाकतो आणि तो सूर लवकर विझतो. याला डेड स्पॉट म्हणतात. बऱ्याच बेस गिटारवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास तो सापडतो. म्हणजे चांगल्या नेककडून आपली अपेक्षा एवढीच, की त्याने स्वतः नाचू नये आणि तारेला नाचू द्यावं.

आता या निकषावर लाकूड एकमेव पर्याय उरत नाही. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीनने ॲल्युमिनियमच्या नेकच्या गिटार काढल्या. ॲल्युमिनियम मेपलच्या पाच-सहा पट ताठ. सूर लांबच लांब टिकायचा, ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सियानेही त्या वाजवल्या. पण ॲल्युमिनियम मेपलच्या जवळजवळ चौपट जड. हात सोडला की गिटारची मान खाली. शिवाय हिवाळ्यात हाताला गार लागतो तो, आणि स्टेजवरच्या दिव्यांनी तापला की प्रसरण पावतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे सूर हलतो. १९७९ मध्ये उत्पादन बंद झालं.

मग कार्बन. १९७० च्या दशकात जेफ गूल्ड नावाचा एक माणूस उपग्रहांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करत होता. कार्बन फायबर इतकं हलकं आणि ताठ, तर बेस गिटारचा नेक का नको, असा त्याला प्रश्न पडला. त्यातून मॉड्युलस कंपनी निघाली. त्याच सुमारास नेड स्टाइनबर्गर या फर्निचर डिझायनरने कार्बन आणि काचेच्या धाग्यांचा, डोकंच नसलेला बेस बनवला. दिसायला धुण्याच्या धोपटण्यासारखा, पण आर्द्रतेला दाद देत नाही. धाग्याच्या दिशेने कार्बन मेपलच्या दहा पट ताठ असतो आणि वजनाला दुपटीच्या थोडा वर, त्यामुळे पोकळ केला तरी चालतो.

म्हणजे कार्बनपंथी जिंकला? थांबा.

मधे शिसवीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या घरातली आहे. फ्रेटबोर्डसाठी जगात सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते रोझवूडचं. ब्राझीलच्या रोझवूडचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये जवळजवळ बंद झाला, आणि सगळ्यांची नजर वळली इंडियन रोझवूडकडे. इंडियन रोझवूड म्हणजे कोण? आपला शिसव. आजोळच्या दाराची ती काळीशार चौकट, आजीचा पेटारा, पाट, देव्हारा. ज्या लाकडाच्या पाटावर बसून आपण श्रीखंड ओरपलं, त्याच्या पट्ट्या टेनेसीमध्ये गिटारवर चिकटवल्या जातात.

त्यावरून महाभारतही झालं. २४ ऑगस्ट २०११ ला अमेरिकन सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसमधल्या कारखान्यांवर छापे घातले. भारतातून आलेल्या रोझवूड आणि एबनीच्या पट्ट्या जप्त. वाद काय, तर जाडीचा आणि कागदावरच्या वर्गवारीचा. आपल्या नियमांप्रमाणे कापलेलं कच्चं लाकूड बाहेर पाठवता येत नाही, तयार भाग पाठवता येतात. मग फ्रेटबोर्डची पट्टी कच्चं लाकूड की तयार भाग? २०१२ मध्ये गिब्सनने मुख्यतः मादागास्करच्या एबनीच्या प्रकरणात तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली. भारतीय लाकडाचा मुद्दा, नियमच स्पष्ट नाहीत म्हणून, बाजूला ठेवला गेला. पुढे जानेवारी २०१७ मध्ये शिसवाचं अख्खं कुळच परवान्यांच्या यादीत गेलं, आणि २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

या धावपळीत कंपन्यांनी काय केलं? पर्याय शोधले. गिब्सनने भाजलेला मेपल आणला आणि रिचलाइट आणलं. रिचलाइट म्हणजे कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, दाबून, तापवून केलेली फळी. इंजिनिअरिंगवाल्यांना एव्हाना कळलं असेल. इतरांसाठी सांगतो, ही सनमायकाची सख्खी चुलत बहीण. लेस पॉल कस्टमसारख्या गिटारवर! मार्टिन कंपनी तर काही छोट्या गिटारची मागची बाजू सरळ लॅमिनेटची करते आणि नेक चिकटवलेल्या थरांचा. एड शीरनने सुरुवातीची वर्षं तसल्याच छोट्या गिटारवर काढली, आणि मैदानं भरवली.

तेव्हा 'अस्सल' म्हणजे काय, हे बऱ्याच वेळा त्या वर्षी कुठलं लाकूड कायद्याने आणि परवडेल अशा भावात मिळत होतं यावर ठरतं. आवाजाचा साक्षात्कार नंतर होतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुढच्या शनिवारी घाटकोपरला गेलो. तिथे एक काका आहेत, मूळ धंदा हार्मोनियम दुरुस्तीचा. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांचे तबले, आणि गेली वीसेक वर्षं आमच्यासारख्यांच्या गिटारी. दहा बाय दहाची खोली, त्यातली अर्धी पेट्यांनी भरलेली, उरलेल्या अर्ध्यात सरसाचा आणि पॉलिशचा वास.

काकांनी चार स्क्रू काढले, नेक बाजूला केला, उजेडात धरला.

"पीळ आहे. जाईल, पण सगळा नाही जायचा."

"काका, कार्बनचा मागवू का? परदेशातून येतो."

"मागव की, पैसे तुझे. किती पडेल?"

मी आकडा सांगितला. ड्युटी धरून तेवढ्यात माझ्यासारखी आणखी एक गिटार आली असती. काका हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

"बरं, त्याचे फ्रेट झिजले तर कोण बदलणार?"

"तुम्ही."

"मी नाही हात लावायचा. लाकडात फ्रेट ठोकला, वाकडा गेला, काढला, खाच भरली, परत ठोकला. तुझ्या त्या कार्बनला माझ्या हातून चीर गेली तर मी काय करू? भरू कशाने?" मग बाजूच्या पेटीवर हात ठेवून म्हणाले, "ही माझ्याहून म्हातारी आहे. तीनदा भाता बदललाय. पट्ट्या बदलल्यात. दोन सूर नवे. पण आषाढीला वाजते."

मी मनात म्हटलं, यालाच आम्ही मेंटेनेबल कोड म्हणतो.

मला वाटलं काका शुद्धलाकडे पक्षाचे. तर तसंही नाही. मी लाकूडच चांगलं म्हणा ना, असं म्हटल्यावर ते उखडले. "असं कोण म्हणालं? सतारीची घोडी सांबरशिंगाची असायची. ते बंद झालं तेव्हा लोक म्हणाले, झालं, सतार संपली. संपली का?"

या एका वाक्याने मला मिरजेपर्यंत नेलं. (मनाने. मध्य रेल्वेने जायला त्या दिवशी कुर्ल्याला पाणी होतं.)

मिरजेत सतारी आणि तानपुरे बनायला लागले एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. बनवणारे कोण? शिकलगार. म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानांची युद्धं संपली, शस्त्रांचं काम आटलं, आणि धातूवर बसलेला हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळला. करिअर चेंज म्हणतात तो हा. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, दांडी तुणाच्या लाकडाची. जगातल्या एका अत्यंत नाजूक वाद्याचा अर्धा भाग शेतात वेलावर लागतो! पर्यायी मटेरियलवर चर्चा करणाऱ्या आम्हाला हे सुचलं नसतं. हस्तिदंत आणि सांबरशिंग १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी हळूहळू हद्दपार झाले, मग उंटाचं हाड आलं, कृत्रिम मटेरियल आलं. प्रवासासाठी भोपळा नसलेले चपटे तानपुरे आले. आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. इतके बदल पचवूनही ते वाद्य 'मिरजेचं'च राहिलं.

पण मला खरी गंमत वाटली ती सतारीच्या दांडीची. गिटारवर फ्रेट ठोकून पक्के बसवलेले असतात, म्हणून मान कायम सरळ असलीच पाहिजे. सतारीवर पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. हवा बदलली, सूर हलला, की वादक पडदा बोटाने सरकवतो. शिवाय पडदे उंच, कमानदार. मींड घेताना तार त्यांच्यावरून खेचली जाते, दांडीला टेकतच नाही. त्यामुळे दांडी केसभर हलली तर सतारियाला फरक पडतो, पण वाद्य आडवं पडत नाही. म्हणजे इथल्या हवेत लाकूड हलणारच, हे गृहीत धरूनच ते वाद्य घडलेलं आहे. एरर येऊच नये म्हणून धडपड नाही, एरर आला तर वादकाच्या हातात दुरुस्ती दिलेली आहे.

आपल्याकडच्या गिटारवाल्यांनीही कळत-नकळत हेच केलं. ब्रिजभूषण काब्रा, नंतर मोहनवीणेवाले विश्वमोहन भट, यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा उंच केल्या आणि पोलादी दांड्याने वाजवली. फ्रेटचा प्रश्नच मिटला. मुंबईत १९५० च्या दशकापासून व्हॅन शिपली हिंदी गाण्यांच्या धून इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवायचे, तेही याच घराण्यातलं वाद्य. आणि निलाद्री कुमार यांचं झितार उलट्या बाजूने आलं, सतारीतून इलेक्ट्रिक गिटारकडे.

आता माझं मत. गिटारचा नेक कशाचा असावा, या प्रश्नात 'अस्सल काय' हे विचारणं सोडून द्यावं. दोनच गोष्टी विचाराव्यात. आपल्या हवेत टिकेल का? आणि बिघडला तर आपल्या गल्लीत दुरुस्त होईल का? शुद्धलाकडे पहिल्या प्रश्नाला नापास होतो, कार्बनपंथी दुसऱ्याला.

आणि दुसरा प्रश्न काही मागासलेला नाही. इलेक्ट्रिक गिटारला बोल्ट लावलेला, काढता-घालता येणारा नेक रूढ केला तो लिओ फेंडरने, १९५० मध्ये. तो स्वतः गिटार वाजवत नव्हता. फुलरटनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने डिझाइन केलं, म्हणून चार स्क्रूत मान निघते आणि माझे काका घाटकोपरला बसून त्यावर काम करू शकतात.

मग दोन्ही जमेल असं काही आहे का? आहे. लाकडाच्या तीन-पाच पट्ट्या, धाग्यांच्या दिशा उलटसुलट करून चिकटवायच्या, म्हणजे एकीचा पीळ दुसरी अडवते. आत ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या बारीक सळ्या बसवायच्या. बाहेरून सगळं लाकूड, फ्रेट ठोकता येतात, तासता येतं, आणि ताठपणा आतून. हे परदेशात अनेक जण करतात, काही नवीन नाही. कार्बनच्या सळ्या रिमोटची विमानं बनवणाऱ्यांकडे मिळतात. फ्रेटबोर्डला शिसवच हवा असा हट्ट नको, सनमायकाची ती चुलत बहीण चालेल.

आणि पट्ट्या मेपलच्याच कशाला? आपल्याकडे सिंधुदुर्गात बांबू आहे, कुडाळला त्यावर काम करणारं कोनबॅक केंद्र २००४ पासून आहे. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या दृष्टीने 'झाड' राहिला नाही, त्यामुळे तो तोडणं-नेणं सोपं झालं. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली फळी ताठपणात मेपलच्या जवळपास जाते. यामाहाने अख्खी बांबूची अकूस्टिक गिटार बनवून दाखवली आहे. बांबूही पाणी पितो, त्याला कीड लागते, गोंद चुकला तर थर सुटतात, हे सगळं खरं. पण हे मोजून बघण्यासारखे प्रश्न आहेत. आपल्याकडे दरवर्षी फायनल इयरला हजारो पोरं तोच काळ्या रेषेवरून चालणारा रोबो बनवतात (मीही बनवला, प्रेझेंटेशनच्या दिवशी तो भिंतीवर आदळला). त्यातल्या चौघांनी पाच नेक बनवून एक वर्ष मुंबईच्या हवेत टांगले, दर आठवड्याला वाक आणि पीळ मोजला, तरी आज कुणाकडे नाही अशी माहिती हातात येईल असं मला वाटतं.

आमचं रडणं असं आहे की शिसव आपण पाठवतो, आणि त्याची गिटार हीटर लावलेल्या कोरड्या खोल्यांच्या हिशोबाने बनून परत आपल्याकडे येते. मग ती जुलैत वाकली की आपण स्वतःलाच दोष देतो, की आपल्याला सांभाळता आली नाही. मिरजेच्या शिकलगारांनी असं केलं असतं तर ते अजून गिऱ्हाईक नसलेल्या तलवारी घासत बसले असते.

माझ्या नेकचं काय झालं? काकांनी तो एका सरळ लोखंडी पट्टीला शिकंजांनी आवळला, पिळाच्या उलट बाजूला पाचर दिली, इस्त्रीने शेकला आणि दोन दिवस तसाच ठेवला. असं तीनदा. मग फ्रेट कानशीने सपाट केले. सगळा पीळ गेलेला नाही. बारीक तारेवर वरच्या टोकाला दोन जागा अजून किंचित कुरकुरतात, तिथे मी फारसा जात नाही. बाकी गिटार वाजते. भिंतीवरून उतरवून आता ती केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कपाटात राहते. शेजारी एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवलाय, आज तो ८४ दाखवतोय.

कार्बनचा नेक मागवला नाही. ते पैसे बाजूला ठेवलेत. दोन शिकंजे आणि बांबूच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा घेतलाय, पहिला प्रयोग बहुतेक भाकरीच्या काटवटीला टेकू देण्याच्या लायकीचा होईल. बघू.

पैसे देऊन निघताना काकांनी हाक मारली. "दिवाळीनंतर हवा सुकली की परत आण रे. रॉड थोडा ढिला करावा लागेल."